चार नकार

डहाणू आणि तलासरी यांच्यामधल्या एका पाड्यावर एक म्हातारी राहत होती. ती धवलेरी होती. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते. सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि धवलेरी गात गात लग्न पुढे नेते. म्हातारीला अशी पुष्कळ गाणी येत होती. ती कुठे लिहून ठेवलेली नव्हती. तिने ती मावशीच्या तोंडून ऐकली होती आणि मावशीने तिच्या आधीच्या कुणाच्या तोंडून.

म्हातारीची एक नात होती. पाड्यावरच्या वाचनालयाच्या खोलीत कुणी देणगी दिलेला जुना संगणक होता, तो नात सांभाळत असे. त्यावर लिनक्स चालत होतं, कारण त्याला पैसे पडत नव्हते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतूनही दिले आहेत. ते ऐकून ऐकून ती बरंच शिकली होती.

एकदा नात म्हणाली, "आजी, तुझी सगळी गाणी मी या यंत्रात ठेवते."

म्हातारीने मान हलवली. "सगळी ठेव. पण सगळी सगळ्यांना नको देऊ. पेरणीची, कापणीची, कणसरी देवीची गाणी कुणालाही ऐकव. मांडवातली गाणी मात्र मांडवाची. ती सांभाळ, पण बाजारात नको जाऊ देऊ."

नातीने हो म्हटलं. पण तिला वाटलं, आजी जुन्या काळची आहे, म्हणून असं म्हणते. तिने सगळी गाणी एकाच फोल्डरात ठेवली आणि ती गोष्ट विसरून गेली.

संगणकाची आतली डिस्क लहान होती. म्हणून नातीने एक मोठी बाहेरची डिस्क आणली आणि गाणी तिच्यावर ठेवली. त्या डिस्कसाठी तिने संगणकात 'गाणी' नावाचा रिकामा फोल्डर केला होता. यंत्र सुरू झालं की डिस्क आपोआप त्या फोल्डरावर जोडली जायची. लिनक्समध्ये याला माउंट करणं म्हणतात. फोल्डर उघडला की आतल्या डिस्कची जागा नव्हे, तर बाहेरच्या डिस्कवरची गाणी दिसायची. दोन हिवाळे असेच गेले. गाणी वाढत गेली.

मग २०१८चा नोव्हेंबर आला आणि डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली. धुंदलवाडीच्या आसपास हादऱ्यांमागून हादरे बसू लागले. कधी भांडी वाजायची, कधी भिंतीला तडा जायचा. लोक घराबाहेर झोपू लागले. सरकारने तंबू दिले. १ फेब्रुवारी २०१९ला एकाच दिवशी अनेक हादरे बसले आणि त्यांतला एक चारपेक्षा मोठ्या तीव्रतेचा होता. त्या वेळी नात वाचनालयात होती आणि संगणक डिस्कवर काहीतरी लिहीत होता. टेबल हललं, वीज गेली, नात बाहेर धावली. टेबलामागे डिस्कची केबल अर्धी निसटली होती. ती कुणाच्या लक्षात आली नाही.

त्या रात्री सारा पाडा शाळेच्या पटांगणात झोपायला गेला. थंडी होती. मुलं रडत होती. तेव्हा म्हातारी उठून बसली आणि तिने एक गाणं सुरू केलं. ते धरतरीचं, म्हणजे धरणीमातेचं, गाणं होतं. नातीने ते कधी ऐकलं नव्हतं. म्हातारीलाही ते पुष्कळ वर्षांनी आठवलं होतं. गाणं लांब होतं. ते संपेपर्यंत मुलं झोपली. नातीने सबंध गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं.

दुसऱ्या दिवशी वीज आली. नातीने संगणक सुरू केला. 'गाणी' फोल्डर उघडला. तो रिकामा होता.

तिचे हातपाय गळाले. तरी तिने विचार केला, निदान रात्रीचं गाणं तरी यात ठेवते. तिने ते मोबाइलवरून फोल्डरात टाकायला घेतलं. यंत्राने सांगितलं, परवानगी नाकारली.

नातीला रडू आलं. इतकी वर्षं हा फोल्डर तिचाच होता, आणि आज तोच तिला नाही म्हणत होता.

तिचा मामेभाऊ वापीला कारखान्यात कामाला होता. तो मोटारसायकलवरून आला. हुशार होता आणि मनाने चांगला होता. बहिणीचे डोळे पाहून त्याला राग आला, तो यंत्राचा.

"परवानगी नाही म्हणतं काय? थांब," तो म्हणाला. त्याने रूटचा पासवर्ड टाकला. लिनक्समध्ये रूट हा यंत्राचा मालक, परवानग्यांच्या बाबतीत त्याला कोणी अडवत नाही. मग त्याने सीएचमॉड ७७७ अशी आज्ञा दिली. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी.

फोल्डर उघडा झाला. धरतरीचं गाणं आत गेलं. नातीने वाजवून पाहिलं, ते वाजलं. मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून तिने तिथलं गाणं पुसून टाकलं.

"झालं की नाही?" भाऊ म्हणाला.

"पण जुनी गाणी?"

दोघांनी शोधाशोध केली. शेवटी नातीला टेबलामागे लोंबणारी केबल दिसली. तिने ती घट्ट बसवली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. फोल्डर उघडला. दोन हिवाळ्यांची गाणी जागच्या जागी दिसत होती. दोघं आनंदाने ओरडली.

मग नातीने धरतरीचं गाणं शोधलं. ते तिथे नव्हतं.

भावाने पुन्हा पुन्हा शोधलं. नावाने शोधलं, तारखेने शोधलं. गाणं नव्हतं. तो म्हणाला, "बाय, ते गेलं. आजीला पुन्हा म्हणायला सांग."

नात आजीकडे गेली. म्हातारी बराच वेळ आठवत बसली. चार ओळी आल्या, पुढच्या येईनात. ती म्हणाली, "ते त्या रात्रीनं आणलं होतं. आता येत नाही."

घोलवडकडे चिकूच्या एका वाडीत एक काका राहत होते. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत युनिक्सच्या संगणकांवर काम केलं होतं. निवृत्तीनंतर ते वाडी बघत. नात आणि भाऊ त्यांच्याकडे गेली. काकांनी हातातली पाण्याची नळी झाडाच्या आळ्यात ठेवली, हात धुतले आणि ते त्यांच्यासोबत निघाले. म्हातारीही वाचनालयाच्या ओट्यावर येऊन बसली.

काकांनी संगणकाला हात लावला नाही. आधी त्यांनी विचारलं, "पोरी, यंत्र काय म्हणालं?"

"ते गाणं ठेवू देत नव्हतं."

"हा तू काढलेला अर्थ झाला. मला त्याचे शब्द सांग."

"परवानगी नाकारली."

"बरं. त्याआधी कधी या फोल्डराने तुला अशी परवानगी नाकारली होती?"

"कधीच नाही."

"मग त्या दिवशी तो तोच फोल्डर होता का?"

नात गप्प राहिली. असा प्रश्न तिला पडलाच नव्हता.

काकांनी तिला यंत्राला दोन गोष्टी विचारायला सांगितल्या. एलएसबीएलके या आज्ञेने यंत्राला लागलेल्या सगळ्या डिस्क दिसल्या. फाइंडमाउंट या आज्ञेने कोणती डिस्क कोणत्या फोल्डरावर जोडली आहे ते दिसलं. 'गाणी' फोल्डरावर बाहेरची डिस्क जोडलेली होती.

"हे आजचं," काका म्हणाले. "काल सकाळी केबल सुटलेली होती. तेव्हा या फोल्डरावर काहीच जोडलेलं नव्हतं. तुला दिसला तो आतल्या लहान डिस्कवरचा मूळ रिकामा फोल्डर. तो तू रूट होऊन केला होतास, म्हणून तो रूटच्या नावावर आहे. बाहेरच्या डिस्कवरची जागा तुझ्या नावावर आहे. डिस्क जोडली की तिचा मालक आणि तिच्या परवानग्या लागू होतात. डिस्क सुटली की खालच्या फोल्डराच्या लागू होतात. म्हणून तो तुला नाही म्हणाला. तो सांगत होता, तू समजतेस ती जागा ही नाही."

भाऊ हळूच म्हणाला, "आणि मी त्याला बळंच उघडलं."

"हो. म्हणून गाणं खालच्या फोल्डरात पडलं. मग केबल लावली, आणि त्यावर डिस्क येऊन बसली."

ओट्यावरून म्हातारी म्हणाली, "म्हणजे हंड्यावर ताट ठेवलंत. ताट उचला. पाणी कुठं जातंय?"

काका हसले. "आजींना समजलं."

ते नातीला म्हणाले, "डिस्क सोडव." नातीने यूमाउंटची आज्ञा दिली. यंत्राने सांगितलं, जागा वापरात आहे.

भावाचा हात लगेच केबलकडे गेला. "ओढून काढतो."

"थांब," काका म्हणाले. "ते पुन्हा नाही म्हणतंय. काय म्हणतंय ते ऐक. जागा वापरात आहे. कोण वापरतंय?"

नातीने खोलीत पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं. मग तिने पडद्याकडे पाहिलं. ज्या काळ्या खिडकीत ती आज्ञा लिहीत होती, ती खिडकीच 'गाणी' फोल्डराच्या आत उघडलेली होती. ओळीच्या सुरुवातीला तसं लिहिलेलं होतं.

"मीच," ती म्हणाली.

"तूच. तू आत असताना यंत्र डिस्क सोडणार नाही. आत कुणाची फाइल अर्धी लिहिलेली असेल तर तिचं नुकसान होईल, म्हणून ते विचारतं."

नातीने सीडी लिहून त्या फोल्डरातून पाऊल बाहेर काढलं. पुन्हा यूमाउंट केलं. या वेळी यंत्र काहीच बोललं नाही. युनिक्समध्ये काम झालं की यंत्र गप्प राहतं.

तिने 'गाणी' फोल्डर उघडला. त्यात एकच फाइल होती. तिने ती वाजवली. पटांगणातली थंडी, रडणारं एक मूल, आणि त्यावरून म्हातारीचा आवाज खोलीत भरला. म्हातारी ओट्यावर बसून स्वतःचंच गाणं ऐकत राहिली आणि विसरलेल्या ओळी येतील तशा पुटपुटत राहिली.

काकांनी आधी त्या गाण्याची एक प्रत नातीच्या घरच्या फोल्डरात ठेवायला लावली. मग डिस्क पुन्हा जोडली आणि नातीने गाणं डिस्कवर पाठवलं. थोडं गेलं आणि मध्येच थांबलं. यंत्राने सांगितलं, ही जागा फक्त वाचण्यासाठी आहे.

भावाने सवयीने सीएचमॉड ७७७ लिहिलं. रूट होऊन लिहिलं. यंत्राने पुन्हा तेच सांगितलं, फक्त वाचण्यासाठी. मालकाचंही त्याने ऐकलं नाही.

"आता ही डिस्कच खराब झाली," भाऊ म्हणाला. "फॉरमॅट करू. कोरी होईल, नव्यासारखी चालेल."

"आणि गाणी?" म्हातारीने विचारलं.

भाऊ खाली बघू लागला.

काका म्हणाले, "काल परवानगी नाकारली होती. आज यंत्र म्हणतंय फक्त वाचा. हे दोन वेगळे नकार आहेत. पहिला माणसाबद्दल होता. हा डिस्कबद्दल आहे. याला परवानगीचं औषध लागू पडणार नाही." त्यांनी डीमेसेज ही आज्ञा द्यायला सांगितली. यंत्राच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जे जे आढळतं ते तो तिथे नोंदवतो. नातीने ओळी वाचल्या. डिस्कच्या नोंदींत चूक सापडली, असं लिहिलं होतं. त्याच्याच पुढे लिहिलं होतं, डिस्क फक्त वाचण्यापुरती ठेवली आहे.

"लिहिता लिहिता केबल सुटली," काका म्हणाले. "कोणतं गाणं कुठे ठेवलंय त्याची वही अर्धवट राहिली. चुकलेल्या वहीत आणखी लिहिलं तर चांगल्या गाण्यांवर दुसरं काही लिहिलं जाईल. म्हणून यंत्राने आपला हात आखडता घेतला. वाचू देतंय हे किती बरं. आधी सगळं वाचून घ्या."

भाऊ वापीहून नवी डिस्क घेऊन आला. रात्री प्रत काढणं सुरू झालं. पाडा अजून बाहेरच झोपत होता, पण ही चौघं खोलीच्या दाराशी बसून राहिली, हादरा बसलाच तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून.

भावाने विचारलं, "काका, या यंत्राला एवढं नाही म्हणायला शिकवलं कुणी?"

काका म्हणाले, "युनिक्स अमेरिकेत बेल लॅबमध्ये १९६९ साली सुरू झालं. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनी ते उभं केलं. तेव्हा यंत्र एक आणि वापरणारी माणसं अनेक, अशी स्थिती होती. एकाच्या हाताने दुसऱ्याचं काम मोडू नये म्हणून प्रत्येक फाइलवर लिहून ठेवायचं ठरलं की ही कुणाची, हिला कोण वाचेल, कोण बदलेल. १९७१ साली युनिक्सचं पहिलं मॅन्युअल निघालं. त्यात माउंट आणि सीएचमॉड दोन्ही होते. पुढे १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉर्व्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि तीच शिस्त या यंत्रात आली. हे नकार रागाने लिहिलेले नाहीत. एकत्र राहणाऱ्यांनी एकमेकांसाठी लिहिलेले आहेत."

पहाटे प्रत पूर्ण झाली. मग काकांनी जुनी डिस्क सोडवून एफएससीके चालवायला सांगितलं. ते डिस्कची वही तपासून दुरुस्त करतं, पण डिस्क जोडलेली असताना ते चालवू नये. यंत्र एकेक चूक दाखवत गेलं आणि दुरुस्त करू का असं विचारत गेलं. प्रत हाताशी होती, म्हणून नात न घाबरता हो म्हणत गेली.

दुरुस्ती संपली तेव्हा 'हरवलं-सापडलं' अशा अर्थाच्या फोल्डरात काही फाइली सापडल्या. त्यांची नावं गेली होती, नुसते आकडे उरले होते. नातीने एकेक लावली. पहिल्या आलापाबरोबर म्हातारी सांगायची, हे हळदीचं, हे नवरीला बाहेर आणतानाचं. एका फाइलमध्ये नुसता खोकला होता आणि मग दोन ओळी. म्हातारी म्हणाली, "हे पालघट देवीचं. पुढचं मी तुला परत सांगते." नातीने आकडे पुसून प्रत्येकाला त्याचं नाव दिलं.

ही नावं देताना तिच्या लक्षात आलं की यातली कितीतरी मांडवातली आहेत. तिने मान वर करून आजीकडे पाहिलं.

"आजी, तू मला नाही म्हणाली होतीस. ही सगळ्यांना नको म्हणाली होतीस."

"म्हटलं होतं."

"का, ते मी विचारलंच नाही."

म्हातारीने सांगितलं. "धवलेरी गाते तेव्हा देव येऊन बसतात. त्या वेळी म्हटलेला शब्द दोन घरं जोडतो. तोच शब्द चहाच्या टपरीवर वाजला, तर मांडवात त्याला कोण मानेल? आणि आमच्यामागे जी धवलेरी होईल तिला काय उरेल? तिला शिकवायला ठेव. लपवू नको. ज्याचं काम त्याला दे."

नातीने हे काकांना सांगितलं. काका म्हणाले, "हे यंत्राला नीट सांगता येतं."

मग त्यांनी तिला परवानगीचे आकडे समजावले. वाचायचे ४, लिहायचे २, आत जायचा १. तिन्ही मिळून ७. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी साऱ्यांचा. "७७७ लिहिलं की वाटेने जाणाऱ्यालाही सातच मिळतात. आणि ध्यानात ठेव, फाइल पुसता येणं हे फाइलवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या लिहिण्याच्या परवानगीवर ठरतं. फोल्डर सगळ्यांना लिहायला उघडा असेल, तर आतलं गाणं कितीही जपून ठेव, खेळणारं पोरसुद्धा ते पुसू शकतं."

नातीने खालच्या मूळ फोल्डराची परवानगी पूर्वीसारखी केली. डिस्क नसताना त्यात पुन्हा कुणाचं काही पडू नये म्हणून. मग डिस्कवर दोन फोल्डर केले. एक 'सर्वांसाठी'. त्याला ७७५. धवलेरींचा आणि मदत करणाऱ्यांचा गट त्यात गाणी ठेवू शकत होता आणि बाकी सगळे ऐकू शकत होते. दुसरा 'मांडव'. त्याला ७७०. गटाबाहेरच्यांना शून्य. दोन्हींवर तिने आणखी एक खूण केली, ज्यामुळे आत ठेवलेली प्रत्येक नवी फाइल आपोआप गटाच्या नावावर जाते.

काही महिन्यांनी तलासरीकडच्या एका पाड्यावरही असाच संगणक आला. नात गाण्यांची दुसरी डिस्क घेऊन तिथे गेली. तिथेही तिने आपलं तेच नाव ठेवलं होतं. डिस्क जोडली, 'मांडव' उघडला. यंत्राने सांगितलं, परवानगी नाकारली.

भाऊ सोबत होता. त्याने कीबोर्डला हात लावला नाही. तो म्हणाला, "बघ बाय, कुणाला नाही म्हणतंय ते."

नातीने आधी डिस्क खरंच जोडली आहे का ते पाहिलं. जोडलेली होती. मग एलएसने फोल्डराचा मालक पाहिला. तिथे नावाच्या जागी नुसता १००० होता. मग आयडी लिहून तिने स्वतःला पाहिलं. या यंत्रावर तिचा आकडा १००१ होता. डिस्कवर माणसाचं नाव लिहिलेलं नसतं, आकडा लिहिलेला असतो. या यंत्राच्या लेखी ती दुसरीच कुणी होती. गटाचंही तसंच झालं होतं. या यंत्रावर १००० हा आकडा कुणालाच दिलेला नव्हता. तिने तो स्वतःला घेतला, गटाचाही आकडा जुळवला, आणि आपल्या घरच्या फोल्डराची मालकीही नव्या आकड्यावर आणली. 'मांडव' उघडला. ७७७ची गरज पडली नाही.

पुढे शहरातून एक माणूस आला. त्याला एका चित्रफितीसाठी लग्नाचं गाणं हवं होतं. वाचनालयात बसून त्याने 'सर्वांसाठी'मधली गाणी ऐकली. मग 'मांडव' उघडायला गेला. त्याला नकार आला. पण त्या फोल्डराच्या शेजारी नातीने 'वाचा' नावाची एक फाइल ठेवली होती. ती कुणालाही वाचता येत होती. तिच्यात लिहिलं होतं: ही गाणी धवलेरींची आहेत. ती मांडवात गायली जातात. ऐकायची असतील तर लग्नाच्या दिवसांत पाड्यावर या आणि धवलेरीला विचारा.

त्या माणसाने ते दोनदा वाचलं. उन्हाळ्यात तो पाड्यावर आला. म्हातारीला त्याने विचारलं आणि मांडवाच्या कडेला बसून रात्रभर ऐकलं. कॅमेरा त्याने पिशवीतून काढला नाही.

नात नकार ऐकायला शिकेपर्यंत या गोष्टीत चार वेळा कुणीतरी नाही म्हटलं. एकदा म्हातारीने आणि तीनदा यंत्राने. चारही वेळा ते खरं होतं. रिकामा फोल्डर सांगत होता की ही ती जागा नाही. वापरात असलेली डिस्क सांगत होती की आत तूच बसली आहेस. फक्त वाचू देणारी डिस्क सांगत होती की मी दुखावले आहे. म्हातारी सांगत होती की हे ज्याचं आहे त्याचंच राहू दे. ऐकून घेतलं नाही तेव्हा गाणं दिसेनासं झालं. ऐकून घेतलं तेव्हा वाट मिळाली.

नाही ऐकलं की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात, जोर लावणं किंवा परत फिरणं. मधली एक राहून जाते, ती म्हणजे विचारणं. कोण नाही म्हणतंय? कोणाला म्हणतंय? कशासाठी म्हणतंय? आणि मी आत्ता कुठे उभा आहे? विचारलं म्हणून प्रत्येक नकारापुढे मान तुकवावी लागते असं नाही. खोटा नकारसुद्धा नीट ऐकला की खोटा म्हणून उघडा पडतो. आणि खरा नकार ऐकलाच नाही, तर तो कळतही नाही. याच तलासरीच्या मुलखात १९४५ साली झरीच्या सभेनंतर वारल्यांनी वेठबिगारीला नाही म्हटलं. त्यांना संघटित करणाऱ्या गोदावरी परुळेकर त्यांच्या सोबत होत्या. त्या एका शब्दामागे पिढ्यांचं दुखणं होतं. जमीनदारांनी त्यात फक्त मुजोरी पाहिली, आणि म्हणून त्यांना तो शब्द कधी कळलाच नाही. माणसाचा असो की यंत्राचा, नकार हे बोलण्याचं शेवटचं टोक समजू नये. बहुतेक वेळा खरं बोलणं तिथूनच सुरू होतं, आणि ते ऐकायला थांबणाऱ्यालाच पुढचं दार उघडायचा अधिकार मिळतो.